बाकी डिफॉल्ट ठेवा

साखर कारखान्यातली सगळ्यात थंड खोली चेअरमनची नसते आणि चीफ इंजिनिअरचीही नसते. ती ड्राइव्हची असते. मोटरचा वेग कमी-जास्त करणारी ही करड्या रंगाची कपाटं पॅनेल रूममध्ये एसी लावून बसलेली असतात आणि पलीकडे पॅन स्टेशनवर माणसं वाफेत शिजत असतात. हंगाम चालू असेपर्यंत या कपाटांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. फार तर एखादा ऑपरेटर डबा घेऊन येतो, एसीखाली बसून भाकरी खातो आणि ड्राइव्हच्या डोक्यावर पाण्याची बाटली ठेवून जातो. ड्राइव्ह तक्रार करत नाही. पण गळीत हंगाम संपला, मिलचे रोलर उतरवून झाले आणि माणसं जरा मोकळी झाली, की कुणाच्या तरी मनात ड्राइव्हच्या कल्याणाचा विचार येतो.

आमच्याकडे निमित्त झालं कंट्रोल रूममधल्या नव्या स्क्रीनचं. गव्हाणीचा, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्याचा, ड्राइव्ह त्या स्क्रीनवर दिसायला हवा होता. त्यासाठी ड्राइव्हमध्ये एक कम्युनिकेशन कार्ड बसवायचं होतं आणि त्या कार्डाचं जुन्या फर्मवेअरशी जमत नव्हतं. म्हणजे कार्डासाठी फर्मवेअर, स्क्रीनसाठी कार्ड आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी स्क्रीन. पुण्याहून सर्व्हिस इंजिनिअर आला. पाठीवर सॅक, डोळ्यांवर झोप. त्याचं वय पाहून फोरमनसाहेबांनी कामाआधी "जेवलास का बाळा?" असं विचारून घेतलं. त्याने लॅपटॉपची केबल ड्राइव्हला जोडली, स्क्रीनवर हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली आणि चहा यायच्या आत अपग्रेड संपलं.

"आलोच आहे तर बाकीच्या ड्राइव्हचंही करून टाकतो. चार्ज नाही," तो म्हणाला.

फुकट आहे म्हटल्यावर परचेस खात्यानेसुद्धा हरकत घेतली नाही. बॉयलरचा आय.डी. फॅन, रसाचे पंप, सगळ्यांचं भलं झालं. मग त्याने सॅक आवरली, सर्व्हिस रिपोर्टवर सही घेतली आणि जाता जाता म्हणाला, "पॅरामीटर तेवढे परत टाकून घ्या, सर."

साध्या ड्राइव्हमध्येही पॅरामीटर काहीशे असतात. मोठ्या ड्राइव्हमध्ये ते हजाराच्या पुढे जातात.

फर्मवेअर आणि पॅरामीटर यांतला फरक चेअरमनसाहेबांना समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मी तहसीलदाराचा दाखला दिला. फर्मवेअर बदललेला ड्राइव्ह म्हणजे बदलून आलेला नवा तहसीलदार. कायदा त्याला जुन्यापेक्षा जास्त येतो. पण कुठल्या बांधावरून कुणाची भांडणं आहेत, कुठल्या ओढ्याला कधी पाणी येतं आणि कुणाला आधी नमस्कार करायचा, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. चेअरमनसाहेबांना ते लगेच पटलं. "मग जुन्यालाच परत आणा," ते म्हणाले. जुनं फर्मवेअर परत टाकणं हे कागदोपत्री शक्य असतं. तहसीलदारांच्या बाबतीत ते किती शक्य असतं, ते साहेबांना अधिक ठाऊक.

एके काळी हे सगळं नव्हतं. गव्हाणीला डायनोड्राइव्ह असायचा. मोटर आपली एकाच वेगाने फिरायची आणि मधल्या कपलिंगमध्ये चुंबकाचा जोर कमी-जास्त करून गव्हाण हळू किंवा जोरात चालवायची. त्याला एकच नॉब. तो इकडे फिरवला की हळू, तिकडे फिरवला की जोरात. नॉबचं टोपण हरवलं तर पक्कड. त्याचं फर्मवेअर अपग्रेड करायचं म्हणजे त्यातला कार्बन ब्रश बदलायचा. वीज मात्र तो भरपूर खायचा, हे कबूल केलं पाहिजे. आताचा ड्राइव्ह ४१५ व्होल्टचा एसी घेतो, त्याचा सुमारे ५८७ व्होल्टचा डीसी करतो आणि तो डीसी अतिशय बारीक चिरून मोटरला पाहिजे त्या हर्ट्झची वीज वाढतो. पंख्याचा वेग वीस टक्के कमी केला तर त्याला लागणारी पॉवर जवळपास निम्म्यावर येते. पंख्याच्या तोंडावर पत्र्याचं डॅम्पर अर्धं लावून मोटर पूर्ण वेगाने पळवण्याच्या दिवसांत जी वीज वाया जायची, तिचा हिशोब केला तर ड्राइव्हवरचा राग निवळतो. थोडा वेळच.

आता पॅरामीटर परत टाकायचे म्हणजे ते आधी सापडायला पाहिजेत. बॅकअप होता. नव्हता असं कुणीही म्हणू शकणार नाही. चांगल्या तीन फायली होत्या. पण ड्राइव्हच्या घड्याळाचा सेल कधीच मेलेला, त्यामुळे तिन्ही फायलींवर तारीख होती १ जानेवारी २०००. त्या दिवशी आमच्या कारखान्यात ड्राइव्हच नव्हता. त्यातली नवी कुठली आणि जुनी कुठली हे ठरवण्यासाठी तिन्ही फायली उघडायचं ठरलं. नव्या फर्मवेअरने तिघींनाही सारखंच वागवलं: आवृत्ती जुळत नाही, फाइल स्वीकारता येत नाही. वाद आपोआप मिटला.

मग मोबाइल निघाले. पॅनेलवर काम करणाऱ्या प्रत्येक वायरमनच्या मोबाइलमध्ये कीपॅडचे फोटो असतातच. सुप्रभातच्या सूर्योदयांत, भाच्याच्या बारशात आणि ट्रॅक्टरच्या जाहिरातींत ते विखुरलेले असतात, पण असतात. अडचण एवढीच, की पॅनेलमध्ये अंधार म्हणून फ्लॅश मारलेला आणि फ्लॅशचा पांढरा ठिपका नेमका दशांश चिन्हावर. आकडा १५०, आता ते दीड, पंधरा की दीडशे? एका फोटोत आकडा स्वच्छ दिसत होता, पण पॅरामीटरच्या नंबरावर वायरमन मामांचा अंगठा होता. मामांनी अंगठा ओळखला. नंबर कुणालाच ओळखू आला नाही.

शेवटी सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावला. तो तोवर दुसऱ्या कारखान्याच्या ड्राइव्हचं भलं करायला पोचला होता. "सोपं आहे, सर. मोटरच्या नेमप्लेटवरचे आकडे टाका, बाकी डिफॉल्ट ठेवा."

नेमप्लेट! व्होल्टेज, करंट, किलोवॉट, हर्ट्झ, फेरे आणि पॉवर फॅक्टर, एवढं सगळं त्या वीतभर पत्र्यावर कोरलेलं असतं आणि ड्राइव्हला मोटर समजते ती त्यावरूनच. पण आमच्याकडे दर ऑफ सीझनला रंगकाम होतं. रंगाऱ्याला कंत्राट चौरस मीटरवर दिलेलं असतं, त्यामुळे वाटेत येईल ते त्याच्या दृष्टीने चौरस मीटर असतं. मोटर निळी, मोटरचं फाउंडेशन निळं, जवळचा पाण्याचा नळ निळा, नेमप्लेट निळी. मामांनी पॉलिश पेपर आणि थिनर घेऊन एकेका वर्षाचा थर उतरवला. चार चेअरमनांच्या कारकिर्दी उतरल्यावर आकडे दिसू लागले. तोवर रिवाइंडिंगवाल्याचा फोन आला, की ही मोटर आपण दोनदा बांधली आहे आणि दुसऱ्या वेळी तार जरा वेगळ्या गेजची वापरली होती. म्हणजे नेमप्लेटवर जी मोटर होती, ती त्या खोक्यात राहिलेली नव्हती.

खरी मोटर ओळखायला ड्राइव्हकडे ऑटोट्यूनिंग असतं. ते नीट करायचं तर मोटर लोडपासून सोडवावी लागते, म्हणजे कपलिंग खोलावं लागतं. मेकॅनिकलच्या फोरमननी कालच अलाइनमेंट केलं होतं आणि त्या कपलिंगला जो हात लावील त्याचं काय होईल, हेही सांगून ठेवलं होतं. तेव्हा मोटर न फिरवता होणारं ऑटोट्यूनिंग केलं. त्यात अचूकपणा थोडा कमी येतो, पण दोन खात्यांतले संबंध टिकतात.

बाकी डिफॉल्ट ठेवलं.

हे डिफॉल्ट म्हणजे काय, ते एकदा पाहायला हवं. दूर कुठे तरी एका स्वच्छ प्रयोगशाळेत चार शहाणी माणसं बसून ठरवतात, की सर्वसाधारण मोटर कशी असेल. त्यांच्या मते मोटर अगदी नवी असते, तिच्यावर बेताचा लोड असतो आणि ती काही सेकंदांत पूर्ण वेग घेते. तिला उसाची चिपाडं अडकत नाहीत. तिच्या केबलवर उंदीर राहत नाहीत. काही ड्राइव्ह तर रिसेट झाल्यावर सगळ्यात आधी हेच विचारतात, की तुम्ही उत्तर अमेरिकेत आहात की उरलेल्या जगात? हेल्परने अमेरिका सुचवली. तिकडे पगार चांगले असतात म्हणून. ती निवडली असती तर ५० हर्ट्झचे ६० झाले असते आणि किलोवॉटचे हॉर्सपॉवर. फोरमनसाहेबांनी उरलेलं जग घेतलं.

पहिली ट्रायल गव्हाणीची. स्टार्ट दाबलं आणि गव्हाण उलटी निघाली. मिलकडून अंगणाकडे. सगळे मोटरच्या वायरिंगवर शंका घेऊ लागले, पण वायरिंगला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मग मामांना आठवलं. ड्राइव्ह बसवला त्या वर्षीही मोटर उलटी फिरली होती. टर्मिनल बॉक्समध्ये दोन फेज बदलायच्या तर शिडी लागते आणि कीपॅडवर दिशा बदलायला एक बोट लागतं. रात्रीचे दोन वाजले होते, बोट जवळ होतं. त्या बोटाने केलेला बदल इतकी वर्षं टिकला आणि एका हिरव्या पट्टीत पुसला गेला.

दिशा सुलट केली. स्क्रीनवर वेगाची मागणी शून्य आणि तरीही 'रन' देताच गव्हाण संथपणे चालू लागली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. रिकाम्या पाट्यांवर एक कुत्रं झोपलं होतं. ते थोडा प्रवास करून जागं झालं, आजूबाजूला बघून खाली उतरलं आणि निघून गेलं. इथे माझ्या खात्याचा संबंध येतो. मी इन्स्ट्रुमेंटचा. मिलच्या डोनेली शूटमध्ये ऊस किती भरला आहे, त्यावरून गव्हाणीचा वेग ठरतो आणि तो निरोप माझ्या वायरमधून ड्राइव्हकडे जातो. चार मिलिॲम्पिअर म्हणजे थांब, वीस म्हणजे पूर्ण पळ. शून्याऐवजी चारपासून सुरुवात करायचं कारण असं, की वायर तुटली तर शून्य येतं आणि 'थांब' व 'वायर तुटली' यांत गल्लत होत नाही. पण डिफॉल्टवाल्या शहाण्यांनी तो इनपुट शून्य ते वीस असा धरून ठेवला होता. मग चार म्हणजे विसाचा पाचवा भाग आणि पन्नास हर्ट्झचा पाचवा भाग म्हणजे दहा हर्ट्झ. मी "थांब" म्हणत होतो आणि ड्राइव्हला "जरा हळू चाल" ऐकू येत होतं.

"सिग्नल तुमचा चुकतोय," इलेक्ट्रिकल म्हणालं.

"ड्राइव्ह तुमचा बहिरा आहे," इन्स्ट्रुमेंट म्हणालं.

हा संवाद भारतातल्या सर्व कारखान्यांत, सर्व पाळ्यांत चालू असतो. मीटर लावून चार मिलिॲम्पिअर दाखवले तेव्हा इलेक्ट्रिकलने मीटर कधी कॅलिब्रेट केला होता, असं विचारलं.

आय.डी. फॅन चालू होताना शहाण्यासारखा झाला. खरी गंमत बंद करताना. एवढा जड पंखा डिफॉल्टच्या काही सेकंदांत थांबवायला गेलं की तो थांबत नाही. उलट मोटरलाच फिरवू लागतो, मोटरचा जनरेटर होतो आणि सगळी वीज ड्राइव्हच्या पोटात परत येते. डीसीचं व्होल्टेज ५८७ वरून वर वर चढत आठशेच्या आसपास गेलं, की ड्राइव्ह ट्रिप मारतो. त्याने मारली. वेळ वाढवली, परत मारली. पंखा मधल्या एका वेगावर आला, की बॉयलरपासून चिमणीपर्यंतचा सगळा पत्रा थरथरू लागे आणि वळचणीची कबुतरं एकदम उडत. या थरथरीला टाळायला ड्राइव्हमध्ये सोय असते: अमुक हर्ट्झवर थांबू नकोस, उडी मारून पुढे जा. ती उडी कुणी तरी पूर्वी घातलेली होती. किती हर्ट्झवर, ते फक्त कबुतरांना माहीत.

ड्राइव्हचे आकडे बदलून यंत्राची वाट लावता येते, ही गोष्ट जगाने २०१० मध्ये ऐकली. इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रात युरेनियमचे सेंट्रिफ्यूज फिरत होते. सेंट्रिफ्यूगल आमच्याकडेही आहेत. आमच्यात साखर आणि मळी वेगळी होते, एवढाच फरक. स्टक्सनेट नावाचा व्हायरस तिथल्या संगणकांत शिरला. त्याचा माग काढणाऱ्या सिमँटेकच्या तपासकर्त्यांना आढळलं, की तो फिनलंडच्या व्हॅकॉन आणि इराणच्याच फरारो पाया या दोनच कंपन्यांचे ड्राइव्ह शोधत असे. तेही ८०७ ते १२१० हर्ट्झवर चालणारे. सापडले, की त्यांचा वेग १४१० हर्ट्झवर न्यायचा, मग एकदम २ वर आणायचा, मग १०६४ वर. बाकी काही नाही. बाँब नाही, घातपाती माणूस नाही, फक्त तीन आकडे. एवढं करायला म्हणे दोन देशांच्या गुप्तहेर संस्था कामाला लागल्या होत्या. आमच्याकडे हेच काम एका मुलाने, जेवून आल्यावर, विनाशुल्क केलं.

संध्याकाळपर्यंत चुकत-माकत, ट्रिप खात बरेचसे आकडे जमत आले होते. आणि लाइट गेली. परत आली तेव्हा ड्राइव्हने सगळ्यांकडे नव्या नजरेने पाहिलं. आकडे टाकणं वेगळं आणि ते कायमचे साठवणं वेगळं. साठवायला आणखी एका पॅरामीटरमध्ये एक टाकावा लागतो आणि तो टाकायचं काम हा म्हणे त्याचं आणि तो म्हणे ह्याचं, असं राहून गेलं होतं. पॅनेल रूममध्ये बराच वेळ फक्त एसीचा आवाज होता. मग फोरमनसाहेब म्हणाले, "जुन्या काकांना फोन लावा."

जुने काका म्हणजे आधीचे फोरमन. निवृत्त होऊन गावात शेती बघतात. ते स्कूटरवर आले, बरोबर कापडी पिशवी आणि पिशवीत पतसंस्थेने वाटलेली जुनी डायरी. डायरी त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला आणि शेवटच्या पानांवरून वाचू लागले. "गव्हाण ड्राइव्ह. दिशा उलट. सिग्नल ४-२०. फॅन, उतरायचा टाइम ४७. बेचाळीसला ट्रिप मारतो. ३४ हर्ट्झ, पत्रा." प्रत्येक विचित्र आकड्यामागे एकेक रात्रपाळी होती. एका आकड्यापुढे नुसतंच लिहिलं होतं: 'हा बदलू नये. मागे बदलला होता.' बदलल्यावर काय झालं होतं, असं विचारल्यावर काकांनी फक्त चष्मा काढून पुसला, तेव्हा पुढे कुणी विचारलं नाही.

त्याच पानांवर सोसायटीच्या कर्जाचे हप्ते, म्हशीच्या लसीची तारीख आणि धाकट्या मुलीच्या लग्नाची यादी होती. एका ठिकाणी ५५ होतं. ते हर्ट्झ की ताटं, यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. काकांच्या मते ताटं. लग्न घरच्या घरी होतं. मामांच्या मते हर्ट्झ. त्या लग्नाला तेच दीडशे माणसं घेऊन गेले होते. शेवटी ५० ठेवलं.

मोटरच्या करंटचा आकडा डायरीत नेमप्लेटपेक्षा वेगळा निघाला. काकांनी तो रिवाइंडिंगनंतर टोंग टेस्टर लावून, भर हंगामात, ऊस चालू असताना मोजला होता. ड्राइव्हमध्ये असा एक मेनू असतो, ज्यात डिफॉल्टपेक्षा वेगळे ठेवलेले पॅरामीटर तेवढे दिसतात. सगळं टाकून झाल्यावर तो उघडून पाहिला. हजारभर पॅरामीटरांतले जेमतेम पाच-पन्नास. ते मामांनी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले. फ्लॅश बंद करून. अंगठा बाजूला ठेवून.

आता गव्हाण सुलट चालते, थांब म्हटलं की थांबते आणि नव्या स्क्रीनवर तिचा वेग हिरव्या आकड्यांत दिसतो. सर्व्हिस इंजिनिअरचा परवा मेल आला. आणखी नवं फर्मवेअर निघालं आहे आणि त्यात पूर्वीपेक्षा स्थिरता आहे. त्याला कुणी उत्तर दिलेलं नाही.

दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे, म्हणून एक विनंती. तुमच्या घरात कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर माळ्यावरच्या जुन्या डायऱ्या किलोवर रद्दीत घालण्याआधी शेवटची पानं उघडून बघा. हप्ते आणि ताटं तुमच्याकडे ठेवा. हर्ट्झ दिसले तर कृपा करून कारखान्याला कळवा. आणि रंगाऱ्याची ओळख असेल, तर त्याला नेमप्लेट सोडून रंग मारायला सांगा.